जुनी हॉट हॅच प्रोजेक्ट म्हणून गोव्यात घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडण्यापासून काणकोणपर्यंतची मंडळी जुनी पॅलिओ, स्विफ्ट, पोलो घेऊन परत उभी करायच्या नादात जे प्रश्न सारखे पाठवतात ते इथे एकत्र केलेत. एक गोष्ट बऱ्याच उत्तरांत येणार आहे म्हणून आधीच सांगतो: गोव्यात असली गाडी बघताना पहिले मार्क पत्र्याला, दुसरे कागदांना, इंजिन तिसऱ्या नंबरावर. इंजिन बांधून देणारे हात अजून आहेत, सडलेली बॉडी आणि मेलेली, म्हणजे कायमची रद्द झालेली, आरसी मात्र पैसे ओतूनही नीट होत नाही.

१. हॉट हॅच म्हणजे आपल्याकडे नक्की कुठल्या गाड्या?

छोटी हॅचबॅक, म्हणजे मागे वेगळी डिकी बाहेर न आलेली गाडी, पण इंजिन तिच्या अंगाच्या मानाने तगडं, आणि स्टिअरिंग-सस्पेन्शन ते पेलणारं. आपल्याकडे हे खऱ्या अर्थाने सुरू झालं ते २००१ मध्ये आलेल्या फियाट पॅलिओच्या १.६ जीटीएक्सपासून, १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, १०० पीएसच्या आसपास ताकद. नंतर पॅलिओ स्टाइलमध्येही १.६ मिळायचं. २००५ ची पहिली स्विफ्ट १.३ कागदावर हॉट हॅच नव्हती पण हलकी आणि फिरायला उत्सुक असल्यामुळे लोक तिला त्याच रांगेत धरतात. मग ह्युंदाई गेट्झ १.५ सीआरडीआय, २०१० ची पोलो १.६, २०१३ ची पोलो जीटी टीएसआय, आणि २०१५ ची अबार्थ पुंटो, १४५ पीएसवाली. अबार्थ अजून प्रोजेक्टच्या भावात मिळत नाही, तिचे मालक तिला सोडत नाहीत आणि बरोबरच करतात.

२. पहिलाच प्रोजेक्ट आहे, कुठली घेऊ?

पहिली स्विफ्ट १.३ पेट्रोल. पार्ट कुठल्याही शहरात मिळतात, कुठलाही मेकॅनिक तिला घाबरत नाही, आणि चुकून काही तुटलं तरी भंगारात दुसरा मिळतो. २०१० मध्ये त्या गाडीत १.२ चं इंजिन आलं, ते मायलेजला चांगलं, पण मजा १.३ ची वेगळी आहे.

पॅलिओ १.६ माझ्या मते या सगळ्यांत चालवायला सगळ्यात समाधान देणारी, त्या स्टिअरिंगचं वजन आणि खराब रस्त्यावर गाडी जशी बसून राहते ते आजच्या गाड्यांत सापडत नाही, पण ती पहिला प्रोजेक्ट म्हणून घेऊ नका, का ते प्रश्न १३ मध्ये. पोलो जीटी टीएसआयमध्ये ड्राय क्लचवाला सात स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर आणि क्लच चालवणारा भाग) गेलं तर गाडीच्या किमतीच्या मोठ्या भागाइतका खर्च येऊ शकतो. गिअर बदलताना धक्का, रिव्हर्स टाकल्यावर उशीर, डॅशवर पान्याचं चिन्ह, यातलं काहीही दिसलं तर स्कॅनर लावल्याशिवाय बोलणीच सुरू करू नका.

३. बजेट किती धरायचं?

गाडीची किंमत जेवढी, तेवढेच पैसे दुरुस्तीला आणि तेवढेच परत अडीअडचणीला वेगळे ठेवा. पन्नास हजारात गाडी मिळतेय म्हणून खिशात पन्नासच हजार असतील तर थांबा. गोव्यात खर्चाचा सगळ्यात मोठा घास टिंकरिंग आणि पेंटिंग घेतं, इंजिन नाही, आणि लोक नेमका उलटा हिशोब करून बसतात. सीट, स्टिरिओ, अलॉय हे सगळं शेवटी. आधी ब्रेक, टायर, सस्पेन्शनचे बुश, कूलिंग.

टायरवर चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असू दे, सात-आठ वर्षांचा उन्हात उभा राहिलेला टायर बदलायचाच.

४. गाडी बघायला गेल्यावर गंज कसा शोधायचा?

सकाळच्या उजेडात जा, गाडी कोरडी असताना, आणि मालकाला आधीच सांगा की धुऊन ठेवू नका. बरोबर टॉर्च, पातळ कपड्यात गुंडाळलेला लोहचुंबक आणि जुनी चटई. चटई गाडीखाली झोपायला, कारण वरून बघून निर्णय घ्यायचा असेल तर जायचीच गरज नाही.

सुरुवात दाराखालच्या सिलपासून. जॅक लावायची जी जागा असते तिच्या मागेपुढे अंगठ्याने जोरात दाबा. चांगला पत्रा दाद देत नाही. सडलेला पत्रा आधी किंचित आत जातो, मग करकरतो, आणि बोट काढलं की लाल-काळा पापुद्रा नखात येतो. तिथे रंग गुळगुळीत आणि नवा दिसत असेल आणि चुंबक चिकटत नसेल तर आत फायबर किंवा जाड लांबी (पुटी) भरलेली आहे. बोटाच्या पेराने टकटक करून बघा, पत्रा वाजतो, लांबी मुकी असते.

मग आत. पायपुसणी नुसती उचलू नका, कार्पेटच उचला, ड्रायव्हरच्या आणि बाजूच्या दोन्ही पायांकडे. कार्पेटखालचा फोम ओला असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधा. बहुतेक वेळा काचेखालच्या जाळीत आंब्याची-फणसाची पानं कुजून निचऱ्याचं भोक बुजलेलं असतं, पावसाचं पाणी तिथे साचतं आणि आत उतरतं. झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे इतकं कॉमन आहे की मी तर आधी जाळीच उचलून बघतो. नंतर स्टेपनीखालचा खड्डा, मागच्या चाकांच्या कमानी आतून, बॅटरीखालची ताटली, दारांच्या खालच्या कडा, आणि बोनेट उघडून पुढच्या शॉकअप्सच्या वरचे टॉवर. खाली झोपलात की ब्रेकचे लोखंडी पाइप सगळ्या लांबीभर टॉर्चने बघा, ते पार फुगलेले असतील तर ती गाडी चालवत घरी न्यायची नाही, टो करून न्या.

दारावर, बोनेटवर, डिकीवर गंज असेल तर घाबरू नका, ते बोल्टवर निघणारे भाग आहेत, दुसरे मिळतात. टॉवर, सिल आणि जमिनीचा पत्रा हे गाडीचं अंग आहे. टॉवरला चिरा किंवा सडलेला जोड दिसला तर नमस्कार करून निघा, गाडी कितीही मनात भरलेली असली तरी.

५. एकाच बाजूचं सिल सडलंय, बाकी छान आहे. सोडून देऊ?

नाही, एक सिल होतं. फक्त कोण करणार ते आधी ठरवा. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा बसवून मिग वेल्डिंगने थोडं थोडं टाचत जोडायचं. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकतो आणि आजूबाजूचा रंग आतून जळतो, मग गंज तिथून परत सुरू. सडक्या पत्र्यावर नवा पत्रा नुसता चिकटवून वर लांबी ओढणारे बरेच आहेत, त्यांना काम देऊ नका. जोड झाल्यावर एपॉक्सी प्रायमर, बाहेरून अंडरकोटिंग, आणि सिलच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण. खालची निचऱ्याची भोकं अंडरकोटिंगने बुजवून टाकतात ती उघडी करून घ्या, नाहीतर पाणी आतच राहून नवा पत्राही खातं.

६. किनाऱ्यावरची गाडी नको, आतल्या गावची घ्या, हे खरं का?

बऱ्याच अंशी. कळंगुट, मोरजी, कोलवा या पट्ट्यात खारं वारं बारा महिने पत्र्यावर बसतं, आणि वाळूत गाडी घालून खालून न धुणारे मालक असतील तर सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) आधी जाते. पण वाळपई-सांगेकडचा पाऊस किनाऱ्यापेक्षा जास्त, आणि डिचोली-साखळी-कुडचडेच्या खाण पट्ट्यात चाललेल्या गाडीच्या प्रत्येक फटीत लाल धूळ बसलेली असते, ती ओल धरून ठेवते. म्हणून गावापेक्षा शेड विचारा. छपराखाली उभी राहिलेली मोरजीची गाडी फणसाखाली उभ्या असलेल्या फोंड्याच्या गाडीपेक्षा चांगली निघू शकते.

७. गाडी बंद आहे, मालक म्हणतो नुसती बॅटरी गेलीय. विश्वास ठेवू?

विश्वास ठेवा पण भाव बंद इंजिनचाच द्या. स्वतःची चार्ज केलेली बॅटरी घेऊन जा, पण आधी ऑइल आणि कूलंट बघा, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय असेल तर हेड गॅस्केटचा संशय धरा. मग क्रँकच्या पुलीवरच्या मोठ्या नटला पाना लावून इंजिन हाताने फिरवून बघा, फिरलं तर जाम नाही. स्टार्टर लगेच मारू नका, विशेषतः पॅलिओ १.६ ला, तिचा टायमिंग बेल्ट तुटला किंवा सुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. कित्येक वर्षं उभी असेल तर बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप बदलूनच सुरू करायची.

दोन्ही चाव्या मागून घ्या. इमोबिलायझरवाल्या (चावीतली चिप ओळखूनच सुरू होणाऱ्या) गाडीची चावी हरवली असेल तर इंजिन ठणठणीत असूनही गाडी हलत नाही. आणि गावात उभ्या गाडीची वायरिंग उंदरांनी खाल्लेली असतेच असं धरून चाला.

८. आरसीची मुदत संपलेली आहे, घ्यावी का?

खाजगी गाडीची आरसी पहिल्यांदा १५ वर्षांची, मग पासिंग करून दर वेळी ५ वर्षांनी वाढते. गोव्यात वय झालं म्हणून गाडी बंद असा दिल्लीसारखा नियम नाही. २००५ ची स्विफ्ट धरा: २०२० ला १५ वर्षं झाली, एकदा वाढवली तर २०२५ पर्यंत, आणि आता परत वाढवायला गेलात तर गाडी २० वर्षांच्या पुढे गेलेली. १५ वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी ५,००० रुपये, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला ती १०,००० झाली. मुदत संपून गेली असेल तर कारला महिन्याला ५०० रुपये उशिराचे वेगळे, म्हणजे पाच वर्षं पडून राहिलेल्या गाडीवर हेच ३०,००० होतात. हा आकडा किमतीतून वजा करायला लावा.

फॉर्म २५ भरायचा आणि गाडी प्रत्यक्ष दाखवायची, म्हणजे लाइट, ब्रेक, हॉर्न, धूर सगळं नीट पाहिजे, चॅसी नंबर वाचता आला पाहिजे. तो नंबरच गंजून गेला असेल तर आरटीओत विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

९. नावावर करायला काय काय लागतं?

फॉर्म २९ आणि ३०, आरसी, विमा, पीयूसी, ओळखपत्रं. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, कर्ज पंधरा वर्षांपूर्वी फिटलेलं असलं तरी. जुन्या गाड्या इथेच अडकतात कारण ज्या फायनान्स कंपनीने कर्ज दिलं ती मध्येच दुसरीत विलीन झालेली असते. परिवाहनच्या ॲपवर नंबर टाकून बँकेचा बोजा, चलनं, मुदत सगळं आधी बघा आणि इंजिन-चॅसी नंबर गाडीवर जाऊन जुळवा.

१०. दिल्लीची गाडी निम्म्या भावात मिळतेय, आणू का?

दिल्लीकडे जुन्या पेट्रोल गाड्यांवर १५ वर्षांची आणि डिझेलवर १० वर्षांची बंधनं आल्यापासून तिकडून गाड्या स्वस्त निघतात, आणि हवा कोरडी असल्यामुळे पत्रा बरेचदा आपल्यापेक्षा चांगला असतो. पण गाडी ऑनलाइन रेकॉर्डवर डी-रजिस्टर (नोंदणी रद्द) दाखवत नाही ना ते बघा, फॉर्म २८ ची एनओसी गोव्यातल्या तुमच्याच आरटीओच्या नावाने हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि इथे परत रोड टॅक्स भरावा लागतो तो धरा. परराज्यातला नंबर १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, फॉर्म २७ ने गोव्याचा नंबर घ्यावा लागतो. मालकी बदल आणि नवा नंबर एकदमच करा, दोन फेऱ्या वाचतात.

मुंबई-चेन्नईची गाडी असेल तर पुराचं पाणी शिरलं होतं का ते तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते, ती कोणी धूत नाही.

११. मालक वारलेत, घरचे विकायला तयार आहेत. थेट घेऊ का?

हा प्रश्न इथे फार येतो. काकांची पॅलिओ माटवात झाकून ठेवलेली, मुलगा गल्फला, मुलगी पुण्याला. सही करायला जो घरी आहे तो एकटा मालक नाही हे लक्षात ठेवा, गोव्याच्या वारसा कायद्यात बायकोचा आणि मुलांचा हक्क ठरलेला आहे. आधी गाडी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने, मग तुमच्या नावावर. वारस ठरवायला गोव्यात सक्सेशन डीड करतात, सब-रजिस्ट्रारकडे, स्पेशल नोटरी म्हणून तेच ते करून देतात. बाकी वारसांची लेखी संमती घ्या. घरच्यांकडे वडिलांच्या सह्या केलेले जुने कोरे फॉर्म असतील आणि ते म्हणाले यावरच करून टाका, तर नको म्हणा. मेलेल्या माणसाची सही वापरली की पुढे कधीही ती गाडी तुमच्या गळ्यात येते.

घाई करू नका, या कुटुंबांचं त्या गाडीशी नातं असतं. चवथीला सगळे घरी येतात तेव्हा एकदमच सह्या होतात.

१२. रेंट-अ-कॅबची स्विफ्ट घेतली तर चालेल?

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी. खाजगी करून घेतलेली मिळाली तर आरसीवर तसा बदल झालाय हे बघा, नुसती पांढरी पाटी लावलेली नको. क्लच, गिअरबॉक्स, सस्पेन्शन संपलेलं आणि खालून वाळूने खरवडलेलं असणार. प्रश्न ४ ची तपासणी दुप्पट कडक करा.

१३. स्पेअर पार्ट कुठे मिळतात?

मारुती-ह्युंदाईचे म्हापसा, मडगाव, फोंडा कुठेही. फियाटचं तसं नाही, कंपनी इथला धंदा आवरून गेली. १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन मात्र स्विफ्ट डिझेल आणि टाटाच्या गाड्यांतही होतं, त्यामुळे पुंटो डिझेलवाले सुटले. पॅलिओ १.६ ला ती सोय नाही. सेन्सर, दाराचे हँडल, डॅशचं प्लास्टिक, लाइट यासाठी मुंबईत कुर्ला, चेन्नईत पुदुपेट, दिल्लीत मायापुरी, आणि इतर मालकांची ओळख. गाडी घ्यायच्या आधीच गाडीला काय काय कमी आहे त्याची यादी करा आणि त्यातले सगळ्यात अवघड दोन पार्ट मिळतात का ते फोनवर विचारा. नाही मिळाले तर गाडी घेऊ नका.

बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग अशा इंजिनच्या मशीनकामासाठी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नेणं सोयीचं पडतं, चोर्ला घाटाने जाता येतं. मोजमाप लिहून घ्या आणि काम झाल्यावर स्वतः उभं राहून परत मोजून घ्या.

१४. विमा मिळतो का जुन्या गाडीला?

थर्ड पार्टी मिळतो आणि तो सक्तीचाच. हप्ता ताकदीवर नाही, सीसीवर ठरतो. २०२२ च्या दराने १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि १५०० च्या वर ७,८९७ रुपये, अधिक जीएसटी. म्हणजे पॅलिओ १.६ आणि पोलो १.६ वरच्या गटात, आणि १३६८ सीसीची अबार्थ खालच्या. फुल इन्शुरन्स हवा असेल तर गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवावी लागते, रिस्टोरेशनची बिलं आणि फोटो ठेवलेत तर बोलायला जोर येतो.

१५. मोठं इंजिन टाकू का? टर्बो? सायलेन्सर?

कायद्याने आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२अ खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. खराब इंजिनच्या जागी तसंच दुसरं इंजिन टाकायला आरटीओची आधी परवानगी घ्या, इंजिनचं बिल जपून ठेवा आणि नवा नंबर आरसीवर चढवा. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर तुम्ही अडकता.

मला मनापासून वाटतं की या गाड्या कारखान्यातून निघाल्या तशाच परत केल्या तर पुरे आहेत. नवे शॉकअप, नवे बुश, बरोबर अलाइनमेंट आणि चांगले टायर लावलेली पॅलिओ अनमोडच्या घाटात चालवून बघा, टर्बोची आठवण येणार नाही.

१६. विंटेजमध्ये नोंद केली तर सूट मिळेल?

नाही. त्यासाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते.

१७. इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. जुने रबरी पाइप, सील, इंजेक्टरच्या रिंगा कडक होऊन चिरतात आणि पेट्रोलचा वास यायला लागतो. तो वास हलक्यात घेऊ नका, गरम इंजिनवर थेंब पडला तर आग लागते. रिस्टोरेशनमध्ये सगळे फ्युएल पाइप इथेनॉल झेपणारे टाका, फिल्टर बदला, टाकी उतरवून आतून गंज बघा. इथेनॉल ओल ओढतं, म्हणून उभ्या गाडीत जुनं पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नका.

१८. काम अर्धवट आहे आणि पाऊस आला, गाडी कशी ठेवू?

जूनच्या आधी उघडा पत्रा प्रायमरखाली गेलाच पाहिजे. साधा राखाडी प्रायमर पाणी पितो, एपॉक्सी मारा. ताडपत्री थेट गाडीवर टाकू नका, आतली वाफ बाहेर जात नाही आणि चार महिन्यांत रंगाला फोड येतात. वर छप्पर करा, बाजू मोकळ्या ठेवा. हँडब्रेक सोडून चाकाला दगड लावा नाहीतर ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात, बॅटरी काढून घरात ठेवा, काचा बोटभर उघड्या. शेवटचा रंग पाऊस संपल्यावरच, दमट हवेत मारलेला रंग धुरकट पडतो.

१९. दोन पॅलिओ घेऊन एक चांगली केली, तर कागद कुठल्या गाडीचे वापरायचे?

ज्या बॉडीवर चॅसी नंबर ठोकलेला आहे तिचेच. एका गाडीचा नंबराचा तुकडा कापून दुसरीत वेल्ड करणं हा गुन्हा आहे, कोणी कितीही सफाईने करून देतो म्हणाला तरी. त्यामुळे प्रश्न ४ आणि ८ एकत्र लावून आधीच ठरवा: ज्या गाडीचा पत्रा चांगला तिचीच आरसी जिवंत असेल तर जोडी घ्या. पत्रा एकीचा चांगला आणि कागद दुसरीचे चांगले असतील तर त्या दोघींची मिळून एक कायदेशीर गाडी होत नाही. पार्टसाठी फोडलेली गाडी कायमची बंद झाल्याचं १४ दिवसांत आरटीओला कळवून तिची आरसी जमा करायची, हे कलम ५५ मध्ये आहे, आणि त्याची पोच दुसऱ्या गाडीच्या फाइलमध्ये इंजिनच्या बिलाबरोबर लावून ठेवा. पुढे पासिंगला इंजिन नंबर कुठून आला विचारलं की तोच कागद दाखवायचा.